तंजावरचे ग्रंथसंग्राहक राजे सरफोजी भोसले

आमच्या विद्यार्थी-वाचकांपैकी वेरूळ पाहिले नाही असा विरळाच. कैलास लेणे पाहून झाले, घृष्णेश्वराचे दर्शन घेतले आणि शिदोऱ्या सुटल्या, की आपली सहल पूर्ण होते. परंतु ज्या घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार मालोजी भोसले यांनी केला, त्याच मालोजींचे घराणे वेरूळच्या पाटिलकीवर नांदत होते, ह्या गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मालोजींचे पुत्र शहाजी, आणि शहाजींचे पुत्र छत्रपती शिवाजी महाराज. ही परंपरा लहान मुलांसही मुखोद्गत असते. तथापि शहाजींचे दुसरे एक पुत्र व्यंकोजी हे दक्षिणेकडे तंजावर प्रांती गेले व १६७६ च्या सुमारास त्यांनी तेथे आपली गादी स्थापिली, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. कावेरीच्या काठी, तमिळ भाषेच्या मुलखात, मराठी बोलणारे हे राजकुल पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिले. त्या कुलातील ज्या पुरुषाने तलवारीने नव्हे, तर पुस्तकांनी आपले नाव अजरामर केले, त्या राजे सरफोजी दुसरे यांचे चरित्र ह्या अंकी आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुलाच्या एका धाकट्या शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांस वारस उरला नव्हता. म्हणून १७८७ साली, आपला अंतकाळ जवळ आला असे पाहून, त्यांनी ह्या बालकास दत्तक घेतले, आणि त्यास आपल्या विश्वासातील एका पाद्र्याच्या हवाली केले. हा पाद्री म्हणजे जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रिड्रिख श्वार्ट्झ. १७५० मध्ये ते तरंगंबाडीच्या डेन्मार्ककरांच्या वसाहतीत येऊन उतरले, आणि पुढे अठ्ठेचाळीस वर्षे, म्हणजे मरणापर्यंत, ते दक्षिण हिंदुस्थानातच राहिले. तमिळ व फारसी तर त्यांस येतच होती, पण तंजावरच्या दरबारी मनमोकळे बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले. ज्या देशात राहावयाचे त्या देशाची भाषा कष्ट करून आत्मसात करावयाची, हा त्यांचा गुण पुढे त्यांच्या ह्या शिष्यातही उतरलेला आपणांस दिसेल.

तुळजाजी निवर्तल्यावर मात्र बालकाचे ग्रह फिरले. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तविधान अशास्त्र ठरविवून गादी आपल्याकडे घेतली. मुलाला वाड्यातील कोंदट व अंधाऱ्या जागेत ठेवण्यात आले. त्याच्या शिक्षणाची कोणी वास्तपुस्त करीना. ज्या वयात मुलाने धावावे, खेळावे आणि अक्षरे गिरवावी, त्या वयात हे मूल बंद खिडक्यांआड दिवस कंठीत होते. वृद्ध श्वार्ट्झ यांनी ह्याविरुद्ध मद्रास सरकारकडे वारंवार दाद मागितली. अखेर १७९३ साली सरफोजी सुरक्षिततेसाठी मद्रासेस रवाना झाले, आणि तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचा विद्याभ्यास रीतसर सुरू झाला. इंग्रजी भाषा, गणित, भूगोल आणि सृष्टिज्ञान यांची कवाडे त्यांस येथे उघडली. अंधाऱ्या खोलीत कोंडून राहिलेल्या मुलास पुस्तकाचे पान म्हणजे उघडलेली खिडकीच वाटली असल्यास नवल ते काय! त्यांची पुढील वर्तणूक पाहता ही खिडकी त्यांनी आयुष्यभर मिटू दिली नाही, एवढे मात्र निश्चित.

दत्तकाचा वाद पुन्हा तपासला गेला, निर्णय सरफोजींच्या बाजूने लागला, आणि २९ जून १७९८ रोजी त्यांस गादी मिळाली. हा दिवस पाहावयास श्वार्ट्झ मात्र हयात नव्हते. चारच महिन्यांपूर्वी, त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत, त्यांचे देहावसान झाले होते. पुढे राजांनी फ्लॅक्समन ह्या प्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराकडून एक संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. मृत्युशय्येवरील गुरू आणि त्यांच्या भेटीस आलेला शिष्य, असा त्यावरील देखावा आहे. शिष्याने गुरूचा धर्म स्वीकारला नाही. तो आपल्या कुलाचा शिवोपासक धर्म अखेरपर्यंत निष्ठेने आचरीत राहिला. परंतु त्यामुळे कृतज्ञतेत अणुमात्र उणेपणा आला नाही, आणि गुरूनेही त्यासाठी प्रेम आखडते घेतले नव्हते. दोघांच्याही थोरवीची ही खूण होय.

गादी मिळाली खरी, परंतु ती फार महाग पडली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वये राज्याचा सर्व कारभार ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हाती घेतला. राजांकडे तंजावरचा किल्ला व त्याच्या आसपासचा थोडासा टापू राहिला, आणि निर्वाहास वर्षाला एक लक्ष पॅगोडा व वसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. बावीस वर्षांचा तरुण राजा, हाताशी पैसा मुबलक, आणि करावयास काम काहीच नाही! अशा स्थितीत त्या काळचे अनेक संस्थानिक नाचरंगात व व्यसनात बुडून गेले. सरफोजींपुढेही तीच उतरण होती. त्यांनी मात्र चढण पत्करली. राज्य गेले तरी विद्या कोणास हिरावून घेता येत नाही, हे जाणून त्यांनी आपला पैसा व आपले आयुष्य ग्रंथांच्या संग्रहास वाहिले.

त्या काळी ग्रंथसंग्रह म्हणजे काय होते, हे समजल्याखेरीज ह्या उद्योगाचे मोल कळावयाचे नाही. युरोपात तो सृष्टिशास्त्राचा बहराचा काळ होता. स्वीडनचे लिनिअस यांनी प्रत्येक वनस्पतीस व प्राण्यास दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली होती. फ्रान्समध्ये बुफाँ यांच्या सृष्टिवर्णनाचे छत्तीस खंड १७४९ ते १७८९ ह्या चाळीस वर्षांत बाहेर पडले होते. आपल्याच देशातील, कारोमांडल किनाऱ्यावरील वनस्पतींवर रॉक्सबर्ग यांनी लिहिलेला तीनशे चित्रांचा ग्रंथ १७९५ पासून लंडनमध्ये खंडशः निघू लागला, आणि त्यातील चित्रे मूळ हिंदी चित्रकारांनी काढलेली होती. असा ग्रंथ छापावयाचा म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरावयाचे, त्याचा ठसा कागदावर उठवावयाचा, आणि मग एकेका प्रतीत कुंचल्याने हाती रंग भरावयाचा! त्यामुळे प्रती थोड्या निघत, किंमत जबर असे, आणि एखाद्या संग्राहकाचे निधन झाले म्हणजे त्याच्या पुस्तकांवर इतरांच्या उड्या पडत.

अशी पुस्तके बहुधा लिलावात विकली जात. १८१२ साली लंडनमध्ये रॉक्सबर्ग ह्याच नामसादृश्याच्या एका सरदाराचे ग्रंथालय लिलावास निघाले. ती विक्री कित्येक आठवडे चालली होती, आणि तीत १४७१ साली छापलेल्या एका कथाग्रंथाला २,२६० पौंड इतकी बोली आली. लिनिअस यांच्या पुस्तकांची व वनस्पतींची कथा तर याहून बोधप्रद आहे. ते व त्यांचे पुत्र वारल्यावर त्यांचा संग्रह विक्रीस निघाला, आणि १७८४ मध्ये स्मिथ नावाच्या एका तरुण इंग्रजाने वडिलांकडून पैसे घेऊन तो सुमारे एक हजार गिनींस समग्र विकत घेतला. संग्रह फुटला नाही, म्हणूनच आजही लंडनच्या लिनिअन सोसायटीत विद्वानांस तो पाहावयास मिळतो. इकडे मद्रासेसही लिलाव नित्याचे होते. कंपनीचा कोणी अधिकारी मृत्यू पावला किंवा मायदेशी निघाला, की त्याचे टेबल, खुर्च्या, घोडे आणि पुस्तके यांचा एकदमच पुकारा होई. ज्या पुस्तकांनी सहा सहा महिने समुद्रप्रवास करून हा देश गाठला, ती अशा रीतीने हातोहात विखुरली जात.

राजे सरफोजी यांनी ह्याच्या उलट मार्ग धरिला. विखुरलेले ग्रंथ एकत्र आणावयाचे आणि एकत्र आणलेले पुन्हा विखुरू द्यावयाचे नाहीत, हे त्यांचे धोरण होते. राजास लंडनच्या बाजारात जाऊन बोली लावणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी विश्वासू माणसे जोडली. तरंगंबाडीचे मिशनरी जॉन हे स्वतः शंखशिंपले, मासे व वनस्पती यांचे नामांकित अभ्यासक होते, आणि त्यांच्या सहवासाने राजांस सृष्टिशास्त्राची गोडी लागली. तंजावरचे माजी रेसिडेंट टॉरिन हे विलायतेस परतल्यावर राजांकरिता तेथून पुस्तके व शास्त्रीय उपकरणे पाठवू लागले. आज मागणीचे पत्र धाडावे, ते आफ्रिकेच्या टोकास वळसा घालून पाच-सहा महिन्यांनी लंडनला पोहोचावे, आणि उलट टपाली पुस्तक येईतो वर्ष उलटून जावे, अशी तेव्हाची स्थिती होती. आमच्या विद्यार्थ्यांस मागविलेले पुस्तक आठवड्यात आले नाही तर चैन पडत नाही. त्यांनी हा धीर क्षणभर मनात आणून पाहावा.

येणेप्रमाणे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन इत्यादी युरोपीय भाषांतील चार हजारांहून अधिक पुस्तके तंजावरच्या वाड्यात जमा झाली. त्यांत वैद्यक होते, रसायन होते, भूगोल, काव्य, नाटक आणि कोश होते. बहुतेक पुस्तकांवर राजांची इंग्रजी स्वाक्षरी आढळते. ती केवळ मालकीची निशाणी नव्हती, हे बिशप हेबर यांच्या साक्षीवरून दिसते. कलकत्त्याचे हे बिशप १८२६ च्या मार्च महिन्यात तंजावरास आले. राजे लिनिअस आणि बुफाँ, लव्हॉझिये आणि फुर्क्रुआ यांचे दाखले सहज देतात, आणि शेक्सपिअरच्या काव्यगुणांची त्यांची पारख मार्मिक आहे, असा निर्वाळा त्यांनी आपल्या पत्रात देऊन ठेविला आहे. कपाटात पुस्तक असणे निराळे, आणि पुस्तकातील विषय डोक्यात असणे निराळे. राजांपाशी दोन्ही होती.

ह्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की हे ज्ञान त्यांनी वाचून सोडून दिले नाही. पुस्तकांतील पक्ष्यांची व वनस्पतींची चित्रे पाहून त्यांनी तंजावरच्या चित्रकारांकडून आपल्या मुलखातील पशू, पक्षी व वनस्पती यांची चित्रे काढविली. अशा चित्रांचा जो संग्रह त्यांनी टॉरिन यांस भेट दिला, तो आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. विलायतेहून चित्रग्रंथ इकडे यावयाचे, आणि इकडील चित्रे तिकडे जावयाची, असा हा बरोबरीचा देवघेवीचा व्यवहार होता. त्यांनी प्राणिसंग्रह बाळगला. हत्ती व घोडे यांच्या शास्त्रावरील सचित्र पोथ्याही त्यांच्या संग्रही आहेत. धन्वंतरी महाल नावाची संस्था काढून तीत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा सर्व पद्धतींच्या औषधांचा विचार चालविला, आणि अनुभवास उतरलेली औषधे नोंदवून ठेविली. नेत्ररोगांविषयी तर १८२७ च्या सुमाराची अशी टिपणे मिळाली आहेत, की त्यांत एकेका रोग्याचे वर्णन, त्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र आणि केलेले उपचार क्रमवार दिलेले आहेत. आजच्या नेत्रवैद्यांनीही त्यांचा आदराने अभ्यास केला आहे.

मराठी मुलांवर तर राजांचे विशेष ऋण आहे. १८०५ साली त्यांनी वाड्यात देवनागरी छापखाना घातला, आणि १८०६ च्या सुमारास तेथून बालबोध मुक्तावली ह्या नावाने इसापच्या कथांचे मराठी भाषांतर बाहेर पडले. सख्खन पंडित हे त्याचे भाषांतरकार होत. पुण्या-मुंबईत मुलांकरिता मराठी पुस्तके छापली जाण्यापूर्वीच ती कावेरीकाठी छापली जात होती, ही गोष्ट ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल! त्यांनी मोफत शाळा चालविल्या, आणि मुक्तांबा छत्र ह्या अन्नछत्रात पांथस्थांबरोबर विद्यार्थ्यांच्याही भोजनाची व शिक्षणाची सोय केली. देवेंद्र कुरवंजी ह्या त्यांच्या नावावर असलेल्या मराठी नाटकात एक भटकी कुरवंजी स्त्री पृथ्वीवरील खंडांचे व देशांचे वर्णन करते. नाटक पाहता पाहता भूगोल शिकावा, ही कल्पना त्यांस दोनशे वर्षांपूर्वी सुचली होती. बृहदीश्वराच्या प्रसिद्ध देवालयाच्या भिंतीवर भोसले कुलाचा इतिहास सांगणारा विस्तीर्ण मराठी शिलालेख १८०३ साली त्यांनीच कोरविला.

नवीन विद्येच्या नादात त्यांनी जुनीकडे पाठ फिरविली, असेही नाही. सरस्वती महाल हे तंजावरचे राजग्रंथालय नायक राजांच्या काळापासून चालत आले होते. त्यात भर घालण्यासाठी त्यांनी ठिकठिकाणी पंडित पाठवून पोथ्या विकत घेतल्या, आणि ज्या मिळेनात त्यांच्या नकला करविल्या. १८२० साली सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन ते काशीयात्रेस निघाले. यात्रेहून लोक गंगाजल घेऊन परततात. ह्यांनी गंगाजलाबरोबर पोथ्याही आणल्या. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांचा, तसाच मोडी कागदपत्रांचा जो ठेवा आज तेथे आहे, त्यातील फार मोठा भाग ह्या एका पुरुषाच्या परिश्रमाचे फळ होय.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारणे आम्हांस आवश्यक वाटते. हा सर्व पैसा आला कोठून? तो कावेरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याच्या घामातूनच आला होता, आणि त्या शेतकऱ्याचे राज्य चालविण्याचा अधिकार राजांपाशी उरला नव्हता. पुस्तकांच्या प्रेमात राज्य गेल्याचे दुःख बुडवून टाकणे हा एक प्रकारचा पळ नव्हे काय, असाही आक्षेप घेता येईल. तो अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तहाच्या जोखडात अडकलेल्या पुरुषास जे क्षेत्र मोकळे होते, त्यात त्याने काय केले, ह्यावरूनच त्याची परीक्षा केली पाहिजे. ज्या पैशाची जवाहिरे होऊन पेटीत पडावयाची, त्याची शाळा, औषधालय, छापखाना आणि ग्रंथालय झाली. हे माप लाविले असता राजांचे पारडे जडच ठरते.

७ मार्च १८३२ रोजी राजे सरफोजी कैलासवासी झाले. त्यांचे पुत्र शिवाजी हे १८५५ साली औरस पुत्रावाचून वारले, आणि कंपनीने संस्थान खालसा केले. आता ग्रंथांवर खरे संकट आले. आदल्याच वर्षी नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन तेथील हत्ती, घोडे आणि जडजवाहीर लिलावात विकले गेले होते. तंजावरातही वाड्यातील चीजवस्तू सरकारजमा झाली. राण्यांनी दाद मागितली, प्रकरण विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, आणि १८५९ साली निकाल त्यांच्याविरुद्ध झाला. एका पुकाऱ्यासरशी पोथ्या व पुस्तके चहूकडे पांगली असती, तर आज आपण त्यांचे नावही ऐकले नसते. सुदैवाने तसे झाले नाही. १८६२ मध्ये खाजगी मालमत्ता राण्यांकडे परत आली. बर्नेल नावाच्या विद्वान न्यायाधीशाने संस्कृत पोथ्यांची सूची तयार करून ती १८८० साली प्रसिद्ध केली, तेव्हा ह्या भांडाराची कीर्ती सर्व जगात पसरली. शेवटी १९१८ साली राजवंशजांच्या संमतीने हे ग्रंथालय सार्वजनिक झाले. ज्यांच्या पूर्वजांनी ते जमविले, त्यांनीच ते सर्वांच्या स्वाधीन केले.

आजही जुन्या सृष्टिशास्त्रीय ग्रंथांचे लिलाव होतात, आणि किमती ऐकून माणूस थक्क होतो. ऑडुबॉन यांच्या अमेरिकेतील पक्ष्यांवरील चित्रग्रंथाच्या एका प्रतीस २०१० च्या डिसेंबरात लंडनमध्ये ७३ लक्ष पौंडांहून अधिक किंमत आली. परंतु ह्याच व्यापाराची दुसरी बाजू अशी, की कित्येक सुंदर ग्रंथ पाने फाडून, एकेक चित्र चौकटीत बसवून विकले गेले. एकेका चित्राला गिऱ्हाईक मिळते, आणि ग्रंथ मात्र मरतो. वस्तूची किंमत जाणणारे आणि वस्तूचे मोल जाणणारे ह्यांत हाच भेद आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी कोणी राजा नाही, आणि हजारो ग्रंथ विकत घेण्याचे सामर्थ्यही आपल्यापाशी नाही. परंतु घरातील आजोबांच्या पेटीत एखादी मोडी कागदांची गुंडाळी असेल, आजीची व्रतकथांची पोथी असेल, किंवा रद्दीत जावयास निघालेले एखादे जुने सचित्र पुस्तक असेल. ते झटकून, कसर लागली असल्यास उन्हात न टाकता सावलीत वारा देऊन, कोरड्या जागी जपून ठेवणे आपल्या हाती आहे. पालकांसही आमची विनंती आहे, की घर बदलताना किंवा आवरताना जुनी पुस्तके वजनावर विकण्यापूर्वी ती एकदा कोणा जाणत्यास दाखवावी. पुढील खेपेस वेरूळास जाल तेव्हा घृष्णेश्वराच्या दारी क्षणभर थांबून एवढे स्मरा, की ह्याच मातीतून निघालेल्या घराण्यातील एका मुलास लहानपणी अंधारात कोंडले गेले होते, आणि मोठेपणी त्याने असंख्य लोकांकरिता उजेड साठवून ठेविला.